साओ पावलो ते फ्लोरिडा : चौदा महिने आणि सहा फेऱ्यांनंतर

नोकरीनिमित्त साओ पावलोत राहायला येऊन मला आता तीन वर्षे होतील. कामाचा एक भाग फ्लोरिडात असल्यामुळे गेल्या चौदा महिन्यांत ग्वारुल्योस विमानतळावरून मायामीला मी सहा वेळा जाऊन आलो, आणि त्यांपैकी दोन वेळा पुढे ऑर्लँडोपर्यंत गेलो. या काळात तीन वेगवेगळ्या कंपन्यांच्या विमानांतून प्रवास घडला. त्यामुळे हा अभिप्राय कोणा एका कंपनीविषयी नसून या मार्गाविषयी आहे.

आधी निर्विवाद चांगली बाजू सांगतो. अंतर सुमारे साडेसहा हजार किलोमीटर आणि वेळ आठ तासांच्या आसपास. बहुतेक विमाने रात्री सुटतात आणि पहाटे किंवा सकाळी उतरवतात. प्रवास पश्चिमेपेक्षा उत्तरेकडे जास्त असल्यामुळे घड्याळ फारसे हलत नाही. ब्राझीलने 2019 मध्ये उन्हाळी वेळ बंद केल्यापासून मायामीशी फरक अमेरिकी उन्हाळ्यात एक तासाचा आणि हिवाळ्यात दोन तासांचा असतो. मुंबईहून अमेरिकेला गेल्यावर चार-पाच दिवस रात्री टक्क जागे राहण्याचा अनुभव ज्यांनी घेतला आहे, त्यांना याचे मोल वेगळे सांगायला नको. मी प्रत्येक वेळी सकाळी उतरून दहाच्या बैठकीला बसलो आहे.

आसने, जेवण, पडद्यावरचे चित्रपट हे सारे लांबच्या कोणत्याही प्रवासात असते तसेच आहे. न्याहारीला मिळणारा ‘पाओ द केजू’ मात्र चुकवू नये. यातला ‘पाओ’ म्हणजे आपल्या पावाचाच पूर्वज; प्रत्यक्षात हा पदार्थ कसाव्याच्या पिठाचा आणि चीजचा गोळा असतो, आणि गरम असेपर्यंतच खाण्यासारखा असतो.

खरे सांगायचे ते सामानाबद्दल. पहिल्या दोन फेऱ्यांत मला हा मार्ग समजलाच नव्हता. जाताना विमान भरलेले, पण लोकांच्या बॅगा उचलायला इतक्या हलक्या की एका हाताने पट्ट्यावर ठेवल्या जात. येताना तीच माणसे दोन-दोन ढकलगाड्या लोटत रांगेत उभी. ब्राझीलमध्ये आयात वस्तूंवरचे कर भारी आहेत, त्यामुळे फोन, बूट, खेळणी, सुगंधी द्रव्ये आणि विशेषतः तान्ह्या बाळाच्या वस्तू फ्लोरिडात घेणे इथल्या मध्यमवर्गाला परवडते. बाळासाठी करायच्या साऱ्या तयारीला पोर्तुगीजमध्ये ‘एन्शोवाल’ म्हणतात, आणि ती करायला मायामी किंवा ऑर्लँडोला जाणे हा जवळपास रिवाज झाला आहे. आपल्याकडे सातव्या महिन्यात डोहाळजेवणाची गडबड असते. इथे त्याच सुमारास विमानाची तिकिटे काढलेली असतात, कारण महिने भरत आले की विमान कंपन्या डॉक्टरांचे पत्र मागू लागतात.

तिसऱ्या फेरीत ऑर्लँडो विमानतळावर एक जोडपे माझ्यासमोर जमिनीवर बसून बॅगा पुन्हा भरत होते. बाई पोटुशी, म्हणून ती खुर्चीवरून सूचना देत होती आणि नवरा हातातल्या छोट्या वजनकाट्याला बॅग अडकवून उचलत होता. आकडा आला 24.1. मर्यादा 23 किलोंची. मग बाबागाडीचे खोके फाडून बाहेर आले, झबली आणि दुपटी पुठ्ठ्याच्या वेष्टनांतून काढून बाबागाडीच्याच घडीत खुपसली गेली, आणि दुधाच्या बाटल्या त्याच्या कोटाच्या खिशात गेल्या. चौथ्यांदा उचलल्यावर काट्यावर 22.9 दिसले, तेव्हा शेजारच्या दोन अनोळखी कुटुंबांनी टाळ्या वाजवल्या. वजनाचा हा काटा मी त्याच आठवड्यात विकत घेतला. या मार्गावर जाणाऱ्याला माझी पहिली शिफारस तीच आहे.

सीमाशुल्काचे गणित नीट समजून घ्यावे. विमानाने ब्राझीलमध्ये येणाऱ्या प्रत्येक प्रवाशाला 1,000 डॉलरपर्यंतच्या वस्तू करमुक्त आणता येतात (2021 अखेरपर्यंत ही मर्यादा 500 होती), आणि ब्राझीलमध्ये उतरल्यावर विमानतळावरच्या करमुक्त दुकानात आणखी 1,000 डॉलरची वेगळी सवलत मिळते. त्यावरच्या रकमेवर 50 टक्के कर लागतो. जाहीर न करता पकडले गेल्यास दंड वेगळा. वापरातला एक मोबाइल, एक मनगटी घड्याळ आणि एक कॅमेरा वैयक्तिक म्हणून सोडतात, मात्र लॅपटॉपला हाच न्याय लागेल असे गृहीत धरू नये. सवलत माणशी असते, नवरा-बायकोची एकत्र करून एकच महागडी वस्तू तीत बसवता येत नाही. ही शेवटची अट कित्येक ब्राझिलियन सहप्रवाशांनाही ठाऊक नव्हती.

आता त्रासाचे. जुलै आणि जानेवारी हे इथल्या शाळांच्या सुट्ट्यांचे महिने. शक्य असेल तर त्या दिवसांत जाऊ नये. मुलीचा पंधरावा वाढदिवस ब्राझीलमध्ये मोठ्या थाटाने करतात, आणि पुष्कळ घरांत मुलीला विचारले जाते : समारंभ हवा की ऑर्लँडोचे डिस्ने वर्ल्ड? डिस्ने निवडणाऱ्या मुली एकाच रंगाचे टी-शर्ट घालून, झेंडा धरलेल्या मार्गदर्शकामागे, चाळीस-पन्नासच्या तुकडीने विमानात चढतात. जुलैमधल्या माझ्या फेरीत अशा दोन तुकड्या होत्या. रात्री दोन वाजेपर्यंत गाणी चालली. हवाई सुंदरीने तीनदा विनंती केली, चौथ्यांदा ती स्वतःच हसू लागली. मला झोप मिळाली नाही, पण मुलींवर राग धरावा असेही वाटले नाही. त्यांच्या घरच्यांनी त्या रात्रीचे पैसे बहुधा दहा-बारा हप्त्यांत फेडायचे ठरवले होते, कारण इथे सहलीसुद्धा हप्त्यांवर विकल्या जातात.

ब्राझील आणि अमेरिकेचे हे नाते आजकालचे नाही. 1941 मध्ये वॉल्ट डिस्ने स्वतः रिओला आले होते. युद्धकाळात दक्षिण अमेरिकेशी सलोखा राखण्याच्या अमेरिकी धोरणाचा तो भाग होता, आणि त्यातूनच झे कारिओका हा डिस्नेच्या व्यंगचित्रपटांतला टोपीवाला पोपट जन्माला आला. दुसऱ्या बाजूने ब्राझीलच्या गायिका-अभिनेत्री कार्मेन मिरांडा 1939 मध्ये न्यूयॉर्कला पोहोचल्या होत्या, आणि नोव्हेंबर 1962 मध्ये तिथल्याच कार्नेगी हॉलमध्ये बोसा नोव्हा या ब्राझिलियन संगीतशैलीचा कार्यक्रम झाला. त्यात गायलेल्या संगीतकार टॉम जोबिम यांचे नाव आज रिओच्या विमानतळाला आहे. ऑर्लँडोच्या इंटरनॅशनल ड्राइव्हवर फिरताना या देवाणघेवाणीचे रोजचे रूप दिसते : दुकानाच्या दारावर पोर्तुगीज पाट्या, काउंटरवर ब्राझीलच्या मिनास किंवा गोयास राज्यातली मुलगी, फ्रीजमध्ये ग्वाराना हे ब्राझिलियन शीतपेय. तिथे माझे मोडकेतोडके पोर्तुगीज इंग्रजीपेक्षा लवकर कामी आले.

सगळेच प्रवासी खरेदीला जातात असे मात्र नाही. मिनासमधल्या गव्हर्नादोर व्हालादारेस शहरातून कित्येक दशके माणसे मॅसॅच्युसेट्सला कामाला जात आली आहेत. एकदा माझ्या शेजारी बसलेल्या आजी मायामीहून पुढे बॉस्टनला, फ्रॅमिंगहॅममधल्या मुलाकडे निघाल्या होत्या. त्यांच्या मांडीवरच्या पिशवीत फक्त पेरूची वडी होती.

पुढचे विमान पकडणाऱ्यांसाठी सूचना : अमेरिकेत केवळ विमान बदलायचे असले तरी भारतीय पारपत्रधारकाला व्हिसा लागतो, मायामीत इमिग्रेशन करून बॅग स्वतः उचलून पुन्हा द्यावी लागते, आणि तीन तासांपेक्षा कमी अंतर ठेवणे हा जुगार आहे. ऑर्लँडोसाठी मी दुसऱ्या वेळी विमान न बदलता मायामीहून 2023 मध्ये सुरू झालेली ब्राइटलाइन रेल्वे घेतली. साडेतीन तास लागले, बॅग माझ्यासमोरच राहिली.

पाचव्या फेरीत परतीचे विमान मायामीहून सहा तास उशिरा निघाले आणि माझी बॅग दोन दिवसांनी आली, एक चाक गमावून. ब्राझीलच्या नियमांनुसार दोन तासांच्या उशिरानंतर जेवण आणि चार तासांनंतर, रात्र काढावी लागणार असेल तर, मुक्कामाची सोय कंपनीने करायची असते. हरवलेली बॅग आंतरराष्ट्रीय प्रवासात 21 दिवसांत परत मिळायला हवी. जेवणाचे कूपन मात्र मी नियमाचा उल्लेख केल्यावरच मिळाले. चाकाची भरपाई मिळायला सात आठवडे आणि अकरा ईमेल लागले. बॅग हातात येताच लेखी तक्रार केली होती म्हणूनच ती भरपाई मिळाली.

पाचपैकी चार गुण देईन. एक गुण जुलैचा आणि चाकाचा कापला. सहाव्या फेरीला निघताना मीही मोठ्या बॅगेत एक रिकामी बॅग घडी करून ठेवली. आमच्या मजल्यावरच्या शेजारणीला मार्चमध्ये बाळ होणार होते, आणि तिने यादी दिली होती. परतीला काट्यावर 22.6 आले.