मेडिकेअरची ‘मिप्स’ योजना: विशेषज्ञांना कितपत लागू पडते?

अमेरिकेत मेडिकेअरची (मुख्यतः ज्येष्ठांसाठीचा सरकारी आरोग्य विमा) बिलं लावणाऱ्या विशेषज्ञाला वर्षात ९०,००० डॉलरची बिलं, २०० रुग्ण आणि २०० सेवा हे तिन्ही आकडे ओलांडले की ‘मिप्स’मधून, म्हणजे डॉक्टरांच्या कामाला गुण देऊन त्यावर त्यांचे पैसे ठरवणाऱ्या योजनेतून, सहसा सुटका नाही. योजना २०१५ च्या ‘मॅक्रा’ कायद्यातून आली. २०१७ पासून गुण मोजले जाऊ लागले आणि २०१९ पासून त्यानुसार पैसे कमी-जास्त होऊ लागले. दोन वर्षांचं हे अंतर अजून तसंच आहे. २०२६ च्या कामाचा परिणाम २०२८ च्या बिलांवर दिसेल. १०० पैकी ७५ गुण मिळाले तर कपात नाही, त्याखाली मात्र ती ९ टक्क्यांपर्यंत जाते.

कागदावर वाटणी सरळ आहे: गुणवत्ता ३०, खर्च ३०, संगणकीय नोंदी २५, सुधारणा उपक्रम १५. पण माप फॅमिली डॉक्टरचं घेऊन कपडे सगळ्यांना शिवलेत.

गुणवत्तेसाठी सहा मापकं निवडायची, त्यातलं एक उपचाराच्या परिणामाचं. पात्र रुग्णांपैकी किमान ७५ टक्क्यांची माहिती द्यावी लागते. अडचण अशी की, जवळपास सगळेच उत्तम करतात अशा मापकाला दहाऐवजी सातच गुणांची मर्यादा लागते. पॅथॉलॉजीचा, १५ हून जास्त डॉक्टरांचा एखादा गट घ्या. रुग्ण समोर येत नाहीत म्हणून संगणकीय नोंदींचा विभाग माफ, आणि खर्चाचं एकही मापक लागू नाही. मग गुणवत्तेचं वजन ८५ होतं, उपक्रमांचं १५. सहाही मापकं सातवर अडकली, तर ६० पैकी ४२ म्हणजे ७० टक्के, अर्थात ५९.५ गुण. त्यात उपक्रमांचे पूर्ण १५ मिळवा: ७४.५. एकही चूक न करता अर्ध्या गुणाने नापास! कपात अगदी किरकोळ, ०.०६ टक्का, पण दोष कुणाच्या कामाचा नाही, मोजपट्टीचा आहे. हे ओळखूनच २०२५ पासून, निवड तोकडी असलेल्या शाखांच्या काही मापकांवरची ही मर्यादा उठवली आहे. आपलं मापक त्या यादीत आहे का, हे जानेवारीतच बघावं, कारण डिसेंबरमध्ये कळून काही हाती लागत नाही.

खर्चाचा विभाग सगळ्यात त्रासाचा. इथे काही भरून द्यायचं नसतं, सरकार बिलांवरूनच आकडा काढतं. गुडघा बदलण्याच्या मापकात शस्त्रक्रियेआधीचे ३० आणि नंतरचे ९० दिवस धरतात, त्यामुळे पुनर्वसन केंद्राचं बिलही सर्जनच्या खात्यावर चढतं. रुग्णाला घरी पाठवायचं की केंद्रात, हा निर्णय म्हणूनच आकडा हलवतो. किमान १० प्रकरणं नसतील तर हे मापक लागत नाही. दरडोई एकूण खर्चाच्या मापकातून बऱ्याच विशेषशाखा वगळलेल्या आहेत, पण त्याच गटातल्या नर्स प्रॅक्टिशनरच्या (स्वतः रुग्ण तपासणारी, जादा प्रशिक्षण घेतलेली परिचारिका) बिलांमुळे रुग्णाचा वर्षभराचा खर्च गटाच्या माथी यायचा. गटातले बाकी सगळे डॉक्टर वगळलेल्या शाखांचे असतील, तर २०२६ पासून असा खर्च गटाच्या माथी येत नाही. सरासरीच्या आसपास खर्च असणाऱ्याला आता मापकाच्या दहापैकी साधारण ७.५ गुण मिळतात, ही सुधारणा मात्र खरंच चांगली आहे.

संगणकीय नोंदींसाठी सलग १८० दिवसांची माहिती लागते. सुरक्षा-जोखमीची तपासणी राहिली, तर त्या विभागात शून्य.

२०२३ पासून आलेले ‘एमव्हीपी’ म्हणजे शाखेनुसार बांधलेले संच. त्यांत सहाऐवजी चार मापकं पुरतात. आपल्या शाखेचा संच असेल तर जुन्या पद्धतीपेक्षा हाच घ्यावा. ज्यांचा नाही, त्यांनी शाखेच्या संस्थेच्या रजिस्ट्रीतून (डॉक्टरांकडून माहिती गोळा करून सरकारला पाठवणारी नोंदव्यवस्था) माहिती द्यावी. तिथली मापकं निदान आपल्या कामाशी जुळतात.

बक्षीस मात्र तुटपुंजं. बोनस दंडाच्या पैशांतूनच येतो, आणि उत्कृष्ट कामगिरीसाठीचे वर्षाचे ५० कोटी डॉलर २०२४ च्या देयकांनंतर बंद झाले. रजिस्ट्रीची फी आणि नोंदी करणाऱ्या माणसाचा पगार धरला, तर छोट्या गटाला कपात टळली एवढंच पदरात पडतं.

पुढचा टप्पा याहून कडक आहे. हृदय निकामी होणं आणि कंबरदुखी यांवर उपचार करणाऱ्या निवडक भागांतल्या विशेषज्ञांसाठी १ जानेवारी २०२७ पासून वेगळी, सक्तीची योजना सुरू होते आहे. तिथे तुलना त्याच आजारावर उपचार करणाऱ्यांशी होणार, आणि पहिली कपात २०२९ मध्ये.