ई-ग्रामस्वराज ॲप : हिशेब दिसतो, पण उलगडत नाही

गावाला आलेला पैसा कुठे गेला हे विचारायचे, तर पूर्वी लातूर जिल्ह्यातील आमच्या गावात ग्रामपंचायतीच्या कार्यालयाचे खेटे घालावे लागत. केंद्रीय पंचायती राज मंत्रालयाचे ई-ग्रामस्वराज ॲप 24 एप्रिल 2020 रोजी सुरू झाले आणि ते खेटे पुष्कळ कमी झाले. एवढ्या एका कारणासाठीही ते प्रत्येक गावकऱ्याने मोबाइलवर घ्यावे, असे माझे मत आहे. आर्थिक वर्ष, राज्य, जिल्हा, तालुका आणि ग्रामपंचायत निवडली की लोकप्रतिनिधींची नावे, मंजूर कामे आणि जमाखर्च समोर येतो.

अडचण त्यापुढे सुरू होते. मागच्या उन्हाळ्यात मी पारावर बसून आमच्या चुलत्यांना शिल्लक रक्कम वाचून दाखवली, तेव्हा त्यांनी लगेच विचारले, “पैसा पडून हाय म्हणतूस, मग आमच्या गल्लीतला रस्ता का होईना?” प्रश्न अगदी रास्त होता, आणि त्याचे उत्तर मला ॲपमध्ये कुठेही सापडले नाही.

ते उत्तर निधीच्या विभागणीत आहे. पंधराव्या वित्त आयोगाच्या शिफारशीनुसार केंद्र सरकारने 2021-22 ते 2025-26 या काळासाठी दिलेल्या निधीतून महाराष्ट्रात 80 टक्के वाटा ग्रामपंचायतींना, तर प्रत्येकी 10 टक्के पंचायत समिती आणि जिल्हा परिषदेला ठरवण्यात आला. या निधीतील 60 टक्के रक्कम ‘बंधित’ असते. म्हणजे निम्मी स्वच्छतेसाठी आणि निम्मी पिण्याचे पाणी, पाऊसपाणी साठवण व सांडपाण्याच्या पुनर्वापरासाठीच वापरता येते. उरलेली 40 टक्के ‘अबंधित’ रक्कम गावाच्या गरजेप्रमाणे खर्च करता येते, मात्र पगार व आस्थापनेवर नाही. म्हणजे खात्यावर शिल्लक दिसत असूनही ती बंधित असेल, तर तिच्यातून गल्लीचा रस्ता करता येत नाही. हे मी चुलत्यांना शंभर रुपयांच्या सुट्ट्या नोटा मांडून समजावले : तीस पाण्याचे, तीस स्वच्छतेचे, चाळीस मोकळे. त्यांना ते दोन मिनिटांत कळले. जी गोष्ट पारावर दोन मिनिटांत सांगता येते, ती ॲपमध्ये एका चित्राने का सांगितली जाऊ नये, हे मला खरोखर समजत नाही.

दुसरी उणीव नोंदींची आहे. आमच्या गावाच्या खर्चात एका ठिकाणी केवळ ‘दुरुस्ती’ एवढाच शब्द होता. कशाची दुरुस्ती, कोणत्या वस्तीतली, याचा पत्ता नाही. हा दोष ॲपचा नसून नोंद भरणाऱ्याचा आहे, परंतु कामाचे ठिकाण लिहिल्याशिवाय नोंद पुढेच जाणार नाही, अशी सोय करणे ॲप तयार करणाऱ्यांच्या हाती आहे. टँकरची वाट पाहणाऱ्या आमच्या भागात पाण्यावरचा प्रत्येक रुपया कोणत्या विहिरीवर, कोणत्या जलवाहिनीवर लागला, हे लोकांना कळलेच पाहिजे.

माझ्याकडून पाचपैकी तीन तारे. ग्रामसभेला जाण्यापूर्वी मंजूर कामांची यादी वहीत उतरवून घ्यावी आणि तेथे एकेका कामाचे ठिकाण विचारावे. मी आता तसेच करतो, आणि सभेत मोघम उत्तर देणे अवघड जाते.