टाके मोजून भाव सांगण्यासाठी इंक/स्टिच: काही महिन्यांच्या वापरानंतर

गिऱ्हाईक व्हॉट्सॲपवर लोगोचा फोटो टाकतं आणि लगेच विचारतं, "ताई, एका शर्टाचे किती?" पंचिंग (चित्राची भरतकामाच्या मशीनसाठी टाक्यांची फाइल बनवणं) झालेलं नसतं, फाइल हातात नसते, पण उत्तर तेव्हाच हवं असतं. एका हेडचं, म्हणजे एका वेळी एकच नग भरणारं, भरतकामाचं मशीन चालवणाऱ्या आमच्यासारख्यांना हा आकडा कमी सांगितला तर घाटा, जास्त सांगितला तर काम शेजारच्या गल्लीत.

त्यासाठी गेले काही महिने मी इंक/स्टिच वापरतेय. इंकस्केप हे चित्रकामाचं मोफत सॉफ्टवेअर, त्याला जोडायचं हे एक्स्टेन्शन, तेही मोफत. लोक ते पंचिंगसाठी घेतात, मी जास्त करून अंदाजासाठी. लोगोचे ढोबळ आकार काढायचे, कुठे फिल (मोठी जागा ओळींनी भरणं) आणि कुठे सॅटिन (अरुंद पट्टीवर आडवे झिगझॅग टाके) ते ठरवायचं, टाके पडद्यावर घालून दाखवणारा सिम्युलेटर उघडायचा आणि टाक्यांचा आकडा वाचायचा. खिशावरचा साधा लोगो असेल तर फार वेळ लागत नाही.

याआधी मीही सगळ्यांसारखं इंचावर चालायचे: एका चौरस इंचाला हजार ते दोन हजार टाके धरा आणि गुणा. इंटरनेटवरचे बरेच कॅल्क्युलेटरही आतून हेच करतात. या हिशेबात गोम कुठे आहे, ते आकार स्वतः काढायला लागल्यावर कळतं. फिलच्या ओळींत ०.४ मिमी अंतर आणि टाक्याची लांबी ४ मिमी ठेवली, तर चौरस इंचात जेमतेम ४०० टाके बसतात, अंडरले (खालचे आधाराचे टाके) वेगळा. इंक/स्टिच मुळात ०.२५ मिमी अंतर आणि ३ मिमी लांबी धरून चालतं, तिथे तोच इंच साधारण ८६० वर जातो. चित्र तेच, कापड तेच, टाके दुप्पट. म्हणजे टाक्यांचा आकडा लोगोत नसतोच, तो पंचिंग करणाऱ्याच्या सेटिंगमध्ये असतो. हजार टाक्यांवर पैसे घेणाऱ्याकडून फाइल करून घेताना हे डोक्यात असलेलं बरं.

सॅटिनची गंमत आणखी वेगळी. ०.४ मिमीच्या झिगझॅगमध्ये सुई दोनदा टोचते, म्हणजे पट्टीच्या प्रत्येक मिलिमीटर लांबीला पाच टाके. रुंदीचा यात संबंधच नाही. दीड मिलिमीटरची किनार आणि चार मिलिमीटरची किनार, दोन्हींचे टाके सारखेच. धागा तेवढा जास्त जातो. गिऱ्हाईक म्हणालं "अक्षरं जरा जाड करा", तर मी आता हसत हो म्हणते. पण "खाली पत्ता पण टाका ना, बारीक अक्षरात" म्हणालं की भाव वाढतो, कारण दीड मिलिमीटर रुंद सॅटिनने चौरस इंच भरायचा तर २,१५० च्या आसपास टाके लागतात. इंचाचा नियम बारीक अक्षरांना कमी पडतो आणि मोठ्या फिलला उगाच महाग करतो. जे काम मिळायला हवं ते हातचं जातं आणि जे अंगावर येतं तेच पदरात पडतं.

आकार बदलल्यावर काय होतं तेही इथे लगेच दिसतं. लोगो २० टक्के मोठा केला की फिलचं क्षेत्रफळ ४४ टक्क्यांनी वाढतं, किनार मात्र २० टक्केच. पाठीवरचा लोगो खिशावरच्या लोगोच्या "दुप्पट" हवा असतो, तेव्हा लांबी-रुंदी दोन्ही दुप्पट होऊन फिल चौपट झालेलं असतं. सिम्युलेटर गिऱ्हाइकासमोर फिरवून दाखवला की निम्मी घासाघीस तिथेच संपते.

आता मुख्य मुद्दा. टाके बरोबर मोजले म्हणून भाव बरोबर येतो असं नाही. माझं मशीन कागदावर मिनिटाला १,००० टाके देतं, प्रत्यक्षात सरासरी ६५० धरते. ६,००० टाक्यांचं काम सव्वानऊ मिनिटांचं. पण त्यात चाळीस ट्रिम असतील तर? धागा कापणं, सरकणं, पुन्हा वेग पकडणं मिळून दर ट्रिमला सात-आठ सेकंद जातात. चाळिसांचे झाले पाच मिनिटं. टाके तेवढेच, वेळ दीडपट. म्हणून सिम्युलेटरमधल्या माहितीत टाक्यांच्या शेजारी ट्रिम आणि रंगबदल दिसतात, ते मी आधी वाचते. माझ्या मते हेच या सॉफ्टवेअरचं खरं मोल.

मराठी मजकुराला हे फारच लागू पडतं. गणपतीच्या आधी ढोल-ताशा पथकांचे कुर्ते येतात, पाठीवर पथकाचं नाव आणि खाली गावाचं. देवनागरी फॉन्ट पाथमध्ये, म्हणजे नुसत्या बाह्यरेखांमध्ये, बदलला की प्रत्येक अक्षर आपापला शिरोरेखेचा तुकडा घेऊन वेगळं होतं. तसंच भरलं तर जोडाजोडावर टाके दुहेरी पडतात आणि ट्रिम वाढतात ते वेगळंच. मी शिरोरेखा काढून टाकते आणि शब्दभर एकच सॅटिनची पट्टी घालते: ७० मिमीच्या शब्दाला अंडरले सोडून ३५० टाके, मध्ये एकही ट्रिम नाही. अनुस्वार मात्र सुटा तो सुटाच, प्रत्येक टिंबाला उडी मारावी लागते. "मंडळ" लिहायला "पथक"पेक्षा महाग पडतं, हे कोणत्याही कॅल्क्युलेटरमध्ये लिहिलेलं नाही. अक्षरं लहान असली की वेलांट्या आणि रफार एक मिलिमीटरच्याही खाली जातात. तिथे सॅटिन सोडून साधा धावता टाका द्यावा लागतो. टाके कमी होतात, पण दिसायलाही ते बारीकच दिसतं, हे गिऱ्हाइकाला आधीच सांगून ठेवलेलं बरं.

पंचिंग बाहेरून येत असेल तर एवढा खटाटोप करायची गरज नाही. मशीनला द्यायची डीएसटी (DST) फाइल नोटपॅडमध्ये उघडा. पुढे सगळी कचरापट्टी दिसते, पण सुरुवातीचे ५१२ बाइट वाचता येतात: एसटीपुढे (ST) टाके, सीओपुढे (CO) रंगबदल, मग एक्स आणि वायची मापं, मिलिमीटरच्या दहाव्या भागात. एसटीच्या आकड्यात उड्याही (टाका न घालता सरकणं) मोजलेल्या असतात, त्यामुळे सुईचे खरे टाके त्याहून थोडे कमी असतात. रंग म्हणजे सीओ अधिक एक. सेव्ह न करता फाइल बंद करायची, बस्स.

खटकणाऱ्या गोष्टी आहेत. इंकस्केप आधी शिकावं लागतं. पाथ, नोड, स्ट्रोक हे शब्द नवे असतील तर पहिले काही दिवस वैताग येतो. फोटोवरून आपोआप ट्रेस केलं की शेकडो फुटकळ तुकडे होतात आणि टाक्यांचा आकडा आभाळाला टेकतो, त्यामुळे अंदाजालाही आकार हातानेच काढते. तयार डीएसटी आत घेतली तर टाके जसेच्या तसे येतात, त्यांचे मूळ आकार परत मिळत नाहीत. पण ते त्या फाइलच्या प्रकारातच आहे. मोबाइलवर चालत नाही. माझ्यासारखीला दुकानात नसताना फोन आला की आजही "संध्याकाळी सांगते" म्हणावं लागतं.

माझा हिशेब आता असा बसलाय: टाके भागिले ६५०, त्यात ट्रिम आणि रंगबदलाची मिनिटं, त्यात फ्रेम लावण्या-काढण्याची मिनिटं, आणि त्या सगळ्याला मशीनच्या मिनिटाचा दर. गिऱ्हाइकाला मात्र भाव हजार टाक्यांवरच सांगते, बाजारात तीच भाषा चालते. पंचिंगचे पैसे एकदाच आणि वेगळे. दहा नगांच्या आतल्या कामाला किमान रक्कम. टोप्या यात बसत नाहीत. तिथे वेग बराच कमी ठेवावा लागतो आणि फ्रेम लावण्यातच जीव जातो, म्हणून टोपीचा भाव टाके न मोजता नगावरच सांगते.