मेंदूत अँटिबॉडी पोचवायची: रिसेप्टरच्या वाटेने की अल्ट्रासाउंडने?

१५० किलोडाल्टनची (डाल्टन हे रेणूच्या वजनाचे एकक) अँटिबॉडी रक्त-मेंदू अडथळा, म्हणजे मेंदूतल्या केशवाहिन्यांची घट्ट भिंत, ओलांडून उंदराच्या मेंदूत उतरवायची, तर निवड बहुधा दोन मार्गांत असते: त्या भिंतीवरचा ट्रान्सफेरिन रिसेप्टर (लोह आत घेणारे प्रथिन) धरून पलीकडे जाणारी शटल, म्हणजे तशी रचलेली अँटिबॉडी, किंवा शिरेतून सूक्ष्म बुडबुडे देऊन हा अडथळा काही काळ उघडणारे फोकस्ड अल्ट्रासाउंड.

हिप्पोकॅम्पस (मेंदूतला स्मृतीशी निगडित भाग) किंवा गाठ अशी एकच जागा गाठायची असेल, तर अल्ट्रासाउंड उजवे. अँटिबॉडीत काही बदलही करावा लागत नाही. खटकते ते वेगळेच. अडथळा उघडला की नाही हे एमआरआयवर गॅडोलिनियम या कॉन्ट्रास्ट द्रव्याने पाहतात आणि तो रेणू १ किलोडाल्टनच्याही आतला. तो झिरपला म्हणजे अँटिबॉडीही गेली असे धरता येत नाही. मोठ्या रेणूंसाठी वाट लवकर मिटते. म्हणून अँटिबॉडी बुडबुड्यांच्या जरा आधी किंवा सोबतच द्यावी. बुडबुड्यांचे तंत्रही सांभाळावे लागते. व्हायल उभी राहिली की ते वर गोळा होतात, बारीक सुईतून जोरात ढकलले की फुटतात, भूल देताना आयसोफ्लुरेनसोबत शुद्ध ऑक्सिजन असला की रक्तात लवकर विरतात. तिथे मेडिकल एअर वापरा. परिणाम कमी वाटला म्हणून दाब वाढवला, तर तांबड्या पेशी ऊतीत सांडतात. हे सगळे दर प्राण्यामागे नव्याने.

शटलची डोकेदुखी मुख्यतः रचनेच्या वेळची, म्हणून माझा कल तिकडे. दोन्ही फॅबनी (अँटिबॉडीच्या पकडणाऱ्या भुजांनी) रिसेप्टर घट्ट धरणारी अँटिबॉडी लायसोसोमकडे, म्हणजे पेशीतल्या विघटनाच्या जागेकडे, वळते. एकच फॅब जोडा, पकड मध्यम ठेवा. रेटिक्युलोसाइटवरही (कोवळ्या तांबड्या पेशींवरही) हाच रिसेप्टर असतो, तेव्हा एफसीचा, म्हणजे अँटिबॉडीच्या शेपटीचा, मारक परिणाम बंद केलेला बरा. ८डी३ ही या रिसेप्टरविरुद्धची अँटिबॉडी फक्त उंदराचा रिसेप्टर ओळखते; माणसासाठीची शटल तपासायला मानवी रिसेप्टर बसवलेले उंदीर लागतात, हा खर्च आधीच धरा. पण ही वाट रुग्णांपर्यंत पोचली आहे: हंटर सिंड्रोम या आनुवंशिक आजारावरचे औषध पॅबिनाफुस्प अल्फा जपानमध्ये २०२१ साली मंजूर झाले.

शटल निवडलीत, तर अख्ख्या मेंदूच्या होमोजिनेटवरचा (वाटून केलेल्या एकजीव लगद्यावरचा) आकडा मात्र मानू नका. केशवाहिन्यांच्या भिंतीत अडकलेली अँटिबॉडीही त्यात मोजली जाते. आधी सलाइनने परफ्यूजन करा (वाहिन्यांतले रक्त धुऊन काढा), मग होमोजिनेट डेक्स्ट्रान या दाट शर्करेच्या द्रावणात (शेवटी साधारण १३ टक्के) सेंट्रिफ्यूज करा. केशवाहिन्या तळाला बसतात, ऊतीतला भाग वर राहतो. दोन्हींत अँटिबॉडी वेगवेगळी मोजा, आणि वरच्या भागात सीडी३१ (केशवाहिन्यांची खूण असलेले प्रथिन) उरलेले नाही ना, हे वेस्टर्न ब्लॉट या प्रथिन-चाचणीवर पाहा.