मतं हातात किती आणि चालतात किती: बॅन्झाफ की शॅप्ली-शुबिक?

तीन भावांची कंपनी. थोरल्याकडे ५० टक्के शेअर, मधल्याकडे ४९, धाकट्याकडे १. ठरावाला निम्म्याहून जास्त मतं लागतात. मधल्याला वाटतं, आपण थोरल्याच्या बरोबरीचे. पण थोरल्याशिवाय मधला आणि धाकटा मिळूनही काही मंजूर करू शकत नाहीत, आणि थोरल्याला दोघांपैकी कुणीही एक पुरतो. म्हणजे ४९ टक्केवाला आणि १ टक्केवाला एकाच पायरीवर!

ही खरी ताकद आकड्यात मांडायच्या दोन पद्धती जास्त चालतात. बॅन्झाफ पद्धतीत जिंकणारे सगळे गट मांडायचे आणि कोण बाहेर पडला की गट हरतो ते मोजायचं. इथे थोरला ३ वेळा, बाकीचे १-१ वेळा. म्हणून ६०, २०, २० टक्के. शॅप्ली-शुबिक (१९५४) पद्धतीत सभासद एकेक करून येतात असं धरायचं आणि कुणाच्या येण्याने बहुमत होतं ते पाहायचं. सहा क्रमांपैकी चारांत थोरला, म्हणून ६६.७, १६.७, १६.७.

इथे फरक किरकोळ वाटतो. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत तो डोळ्यांवर येतो. ठरावाला १५ पैकी ९ मतं आणि पाच कायम सदस्यांपैकी एकाचाही विरोध नसणं आवश्यक. कायम सदस्यांची एकत्रित ताकद बॅन्झाफने सुमारे ८३ टक्के, शॅप्ली-शुबिकने ९८ टक्के.

आता घराजवळचा प्रश्न. सहकारी गृहनिर्माण सोसायटीत एक सभासद, एक मत. पण महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप अ‍ॅक्ट, १९७० खाली मतं डिक्लरेशनमधल्या (इमारतीच्या नोंदवलेल्या घोषणापत्रातल्या) टक्केवारीने मोजतात. समजा ठरावाला निम्म्याहून जास्त मतं लागतात, बिल्डरकडे न विकलेले ३० टक्के आहेत आणि उरलेले ७० टक्के शंभर फ्लॅटधारकांत सारखे वाटलेले. शॅप्ली-शुबिक बिल्डरला सुमारे ४३ टक्के ताकद देतं. बॅन्झाफ? जवळजवळ शंभर. कारण त्यात सगळे गट सारखेच शक्य धरतात, म्हणजे प्रत्येक जण जणू नाणं उडवून मत देतो. शंभर जण साधारण अर्धे इकडे, अर्धे तिकडे होतात आणि बिल्डर ज्या बाजूला जाईल ती जिंकते. आणि गळक्या टेरेसवरून सगळे फ्लॅटधारक एक झाले, तर बिल्डरची ताकद शून्य. ते दोन्ही पद्धतींना दिसत नाही.

माझं मत विचाराल तर: नियम न्याय्य आहे का, कुणाचं मत फुकट जातंय का, हे तपासायचं असेल तर बॅन्झाफ घ्या. सभासद एकमेकांना न विचारता हो-नाही करतात तिथे तो बसतो. नफा, खर्च किंवा पदं वाटून घ्यायची असतील आणि घासाघीस होणार असेल, तर शॅप्ली-शुबिक.

कुणाची ताकद शून्य आहे यावर मात्र दोन्ही पद्धतींचं एकमत असतं, म्हणून आधी तेच शोधा. न्यूयॉर्कजवळच्या नासाऊ काउंटीच्या मंडळात १९६४ साली तिथल्या गावांच्या प्रतिनिधींची मतं होती ३१, ३१, २८, २१, २, २, मंजुरीला ५८. पहिल्या तिघांपैकी कुणीही दोघं आले की काम झालं. २१ मतं असलेल्या नॉर्थ हेम्पस्टेडच्या वाट्याला काहीच नाही! जॉन बॅन्झाफ या वकिलाने १९६५ मध्ये याच मंडळावर बोट ठेवलं.

१९५८ च्या युरोपीय आर्थिक समुदायात तर खुद्द लक्झेंबर्ग शून्यावर होतं. फ्रान्स, जर्मनी, इटलीला ४-४ मतं, बेल्जियम, नेदरलँड्सला २-२, लक्झेंबर्गला १, मंजुरीला १२. बाकी सगळी मतं सम, त्यामुळे ११ वर अडलेला गट तयारच होत नव्हता. मंजुरीचा आकडा ११ ठेवला असता, तर ४+४+२ ला लक्झेंबर्गच्या त्या एका मताची गरज पडली असती. तेव्हा करारावर सही करण्याआधी टक्केवारीइतकाच मंजुरीचा हा आकडाही खालीवर करून बघा.