शॅड टेम्स, लंडन: मसाल्याच्या गोदामांतून नदीकाठी

लेकीकडे लंडनला आलो की शॅड टेम्सला माझी एक फेरी ठरलेली, यंदाची तिसरी. टॉवर हिल स्टेशनावर उतरायचं, टॉवर ब्रिज चालत ओलांडायचा, जिना उतरून डावीकडे वळलं की ही अरुंद गल्ली लागते. तिकीट वगैरे काही नाही.

मान वर करा. एका गोदामातून समोरच्या गोदामात गेलेले लोखंडी पूल डोक्यावर एकामागून एक दिसतात. धक्क्यावर उतरलेला माल त्यांवरून मागच्या गोदामांत नेत. इथलं मोठं गोदाम बटलर्स व्हार्फ, १८७१ ते १८७३ मधलं. चहा, मसाले, धान्य, सगळं इथे उतरायचं.

माझे वडील मस्जिद बंदरला माथाडी होते. गोणीत आकडा घालून ती पाठीवर घ्यायचे. संध्याकाळी बंडीला लवंग-दालचिनीचा वास यायचा. त्यामुळे सिनॅमन व्हार्फ, क्लोव्ह बिल्डिंग अशा पाट्या वाचताना मला भरून येतं. जहाजं कंटेनरची झाली, नदीच्या मुखाकडे टिलबरी बंदरात जाऊ लागली आणि १९७२ साली ही गोदामं बंद पडली. आता त्यांत महागडे फ्लॅट आहेत. पूर्वी माल आत ओढायची दारं होती, तिथे आज कुंड्या ठेवलेल्या दिसतात.

मला सगळ्यात आवडतो तो मधला बोळ, मॅगी ब्लेक्स कॉज. नवी घरं झाली तरी नदीवर जायची वाट लोकांना खुली राहावी म्हणून मॅगी ब्लेक लढल्या, त्यांचंच नाव बोळाला आहे. बोळातून बाहेर आलं की समोर टेम्स आणि अख्खा टॉवर ब्रिज. आम्ही लहानपणी वडिलांच्या बंदराची फक्त भिंत पाहिली. इथे कोणीही कठड्याला टेकून हवा तितका वेळ उभं राहावं, याचं मोल मला फार वाटतं.

काठाने पुढे सेंट सेव्हियर्स डॉक नावाच्या खाडीवरच्या पादचारी पुलापर्यंत जाच. ओहोटीला तिथला चिखल उघडा पडतो, भिंतींवर पाण्याची हिरवी रेघ दिसते; भरतीला तीच खाडी काठोकाठ भरते.

उणीव म्हणाल तर बाकं कमी आणि दगडी फरसबंदी गुडघ्यांना जड जाते. काठावरच्या हॉटेलांचे दर आमच्या आवाक्यातले नाहीत. आम्ही थर्मासमधून चहा आणि डब्यात थालीपीठ नेतो. सकाळी नऊच्या आत पोहोचलात तर गल्ली जवळजवळ रिकामी मिळेल.