फेडोरा आणि फायरफॉक्सवर ऑनलाइन व्हिडिओ: काही महिन्यांच्या वापरानंतर

मशीन: आठव्या पिढीचा इंटेल प्रोसेसर, यूएचडी ६२० ग्राफिक्स, ८ जीबी रॅम, वेलँड सेशन (वेलँड म्हणजे लिनक्सवर पडद्यावर चित्र दाखवणारी नवी यंत्रणा). १०८०पी व्हिडिओ आता पंखा न भणभणता चालतात, पण फेडोरा ही लिनक्स प्रणाली टाकल्याटाकल्या हे मिळत नाही.

व्हिडिओ अडकला की पहिला आळ नेटवर येतो. यूट्यूबच्या व्हिडिओवर राइट क्लिक करून ‘स्टॅट्स फॉर नर्ड्स’ उघडा. ‘बफर हेल्थ’ (आधीच उतरून ठेवलेला व्हिडिओ) २०-३० सेकंद दिसतंय आणि तरी ड्रॉप्ड फ्रेम्सचा (गाळलेल्या चित्रांचा) आकडा चढतोय, तर नेट ठणठणीत आहे. डीकोडिंगला, म्हणजे दाबून पाठवलेला व्हिडिओ उलगडायला, मशीन पुरं पडत नाहीये. त्याच चौकटीत कोडेकही (व्हिडिओ दाबायची पद्धत) दिसतो: एव्ही०१ (एव्ही१), व्हीपी०९ (व्हीपी९) किंवा एव्हीसी१ (एच२६४). इंटेलमध्ये एव्ही१चं हार्डवेअर डीकोडिंग (सीपीयूऐवजी ग्राफिक्स चिपने करायचं) अकराव्या पिढीपासून (२०२०) आलं. आठव्या पिढीत व्हीपी९ आहे, एव्ही१ नाही. साइटने एव्ही१ पाठवला की ब्राउझर तो निमूटपणे घेतो आणि सगळा भार सीपीयूवर टाकतो. उपाय एका ओळीचा: फायरफॉक्सच्या अबाउट:कॉन्फिग या पानावर ‘मीडिया.एव्ही१.इनेबल्ड’ फॉल्स करा, टॅब रीलोड करा. त्यानंतर व्हीपी९ येऊ लागतो. सगळ्या बदलांत सर्वात जास्त फरक यानेच पडला.

ज्यांच्याकडे व्हीपी९ही हार्डवेअरमध्ये नाही, त्यांनी एच२६४ची सक्ती करणारं एक्स्टेन्शन टाकावं. मात्र यूट्यूबवर एच२६४ साधारण १०८०पीच्या पुढे मिळत नाही.

चिप काय काय डीकोड करते ते टर्मिनलमध्ये ‘व्हीएइन्फो’ चालवून कळतं. यादीत प्रोफाइलच्या समोर ‘व्हीएलडी’ असेल तर डीकोडिंग आहे. ‘एनकस्लाइस’ म्हणजे एन्कोडिंग, त्याचा इथे उपयोग नाही. यादीऐवजी एररच आली तर ड्रायव्हर बसलेला नाही. ब्रॉडवेल (इंटेलची पाचवी पिढी) आणि त्यापुढच्या चिपना आयएचडी ड्रायव्हर लागतो, त्याआधीच्यांना आय९६५. खातरजमा करायची तर व्हिडिओ चालू ठेवून सुडोसह ‘इंटेल जीपीयू टॉप’ बघा: ‘व्हिडिओ’ची ओळ शून्यावरच राहिली तर काम अजून सीपीयूच करतोय.

फेडोराची खास अडचण पेटंटची. सोबत येणारा एफएफएमपेग-फ्री (व्हिडिओ-आवाज उलगडणारं सॉफ्टवेअर) पेटंटवाले कोडेक वगळून कापलेला आहे, म्हणून काही साइटवर ‘फॉरमॅट सपोर्टेड नाही’ असा फलक दिसतो. आरपीएम फ्यूजन हा फेडोराबाहेरचा पॅकेजसाठा जोडून ‘डीएनएफ स्वॅप’ने त्याजागी पूर्ण एफएफएमपेग घ्या, सोबत ‘अलाऊइरेझिंग’ लावा. एएमडी असेल तर मेसा या ग्राफिक्स ड्रायव्हर-संचाचं ‘फ्रीवर्ल्ड’ पॅकेजही लागेल, कारण फेडोरा ३७पासून मेसातून एच२६४ आणि एच२६५चं हार्डवेअर डीकोडिंग काढलं आहे.

इंटेलवर फायरफॉक्स ११५पासून (२०२३) व्हीए-एपीआय (हार्डवेअर डीकोडिंग वापरायचा लिनक्सवरचा मार्ग) आपोआप चालू असतं. त्यामुळे जुन्या लेखांतले एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलचे खटाटोप बहुतेकदा उगाच. त्यातला ‘आरडीडी सँडबॉक्स बंद करा’ हा सल्ला तर अजिबात मानू नका. व्हिडिओ डीकोड करणाऱ्या प्रोसेसभोवतीचं संरक्षणच त्याने जातं.

आणखी एक गोष्ट, व्हिडिओची वाटणारी पण आवाजाची. लॅपटॉप स्लीपमधून उठला किंवा ब्लूटूथ हेडफोन तुटला की कधीकधी चक्र नुसतं फिरत राहतं आणि पहिली फ्रेम हलत नाही. ब्राउझर चित्राची वेळ आवाजाच्या घड्याळावर लावतो. आवाज पुढे सरकला नाही तर चित्रही थांबतं. ‘सिस्टमसीटीएल --यूझर रीस्टार्ट पाइपवायर पाइपवायर-पल्स वायरप्लंबर’ ही आवाजाच्या सेवा पुन्हा सुरू करणारी कमांड टर्मिनलमध्ये दिली की गाडी सुरू. मशीन रीबूट करायची गरज नाही.

आडवी फाटल्यासारखी चित्रं एक्स११ या जुन्या यंत्रणेवर दिसतात, वेलँडवर नाहीत.

सशुल्क सेवांसाठी फायरफॉक्सच्या सेटिंग्जमध्ये डीआरएमची (नक्कल रोखणाऱ्या कुलपाची) खूण लावावी लागते. नंतर ते कुलूप उघडणारा वाइडवाइन उतरतो, पण लिनक्सवर तो एल३ या सर्वात खालच्या सुरक्षा पातळीचाच, म्हणून बऱ्याच सेवा रेझोल्यूशन कमी करतात. चिपला ४के झेपत असलं तरी इथे कुठलीही सेटिंग कामी येत नाही. या मशीनपुरता ४केचा महागडा प्लॅन घेऊ नका.